गोव्यात बेकारी ८.५ टक्के, मग हॉटेलवाल्याला माणसं का मिळत नाहीत?

दरवर्षी केंद्राच्या रोजगार सर्वेचा, म्हणजे पीएलएफएसचा रिपोर्ट आला की गोव्यात दोन-चार दिवस तेच भांडण. विरोधक म्हणणार बघा बेकारीत आपण पुढे, सरकारवाले म्हणणार आकड्यातच घोळ आहे, आणि तिकडे कळंगुटचा रेस्टॉरंटवाला डोक्याला हात लावून विचारणार की मग मला किचनला माणूस का मिळत नाही, ओडिशा-नेपाळहून कशाला आणावा लागतो? २०२३-२४ च्या रिपोर्टात गोव्याचा बेकारी दर ८.५ टक्के होता, अख्ख्या देशाचा ३.२. राज्यांमध्ये सगळ्यात वर आपण. सगळ्यात खाली मध्य प्रदेश, १ टक्का. बिहार ३ टक्के. आता बिहारचा माणूस पर्वरीत येऊन सेंट्रिंगचं काम करतो हे आपण रोज बघतो, पर्वरीचा कोणी सेंट्रिंगला पाटण्याला गेलेला मी तरी ऐकला नाही. तरीही ८.५ खोटा नाही आणि ३ पण खोटा नाही. हा दर नक्की काय मोजतो ते एकदा नीट बघितलं की हे कोडं बरंच सुटतं, म्हणून हा लेख.

पीएलएफएस म्हणजे पिरियॉडिक लेबर फोर्स सर्वे. केंद्राचं सांख्यिकी खातं करतं, २०१७ च्या एप्रिलपासून चालू आहे, त्याआधी असा मोठा सर्वे साधारण पाच वर्षांनी एकदा व्हायचा. सर्वेवाला टॅबलेट घेऊन घरी येतो आणि घरातल्या एकेका माणसाला एक कोड देतो. स्वतःचा धंदा असेल तर ११, दुसऱ्यांना कामाला ठेवून धंदा करत असेल तर १२, घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करत असेल तर २१, पगाराची नोकरी ३१, रोजंदारी ५१. काम नाही पण शोधतोय किंवा मिळालं तर करायला तयार आहे, त्याला ८१. शाळा-कॉलेजात असेल तर ९१, फक्त घरकाम करत असेल तर ९२, पेन्शनवर किंवा भाड्याच्या पैशावर असेल तर ९४.

सगळा खेळ इथेच आहे. बेकार म्हणजे फक्त तो ८१ वाला. ९१, ९२, ९४ हे बेकार नाहीतच, ते मोजणीच्या बाहेर, त्यांना लेबर फोर्समध्येच धरत नाहीत. आणि बेकारी दर काढताना भागायचं ते सगळ्या लोकसंख्येने नाही तर लेबर फोर्सने, म्हणजे काम करणारे अधिक काम शोधणारे. आपल्याकडे बरेच जण ८.५ टक्के म्हणजे शंभर गोंयकारांतले साडेआठ घरी बसलेत असं समजतात, तसं ते नाही.

एक वाडा धरूया, सांग्यातला म्हणा किंवा पेडण्यातला. पंधरा वर्षांवरची शंभर माणसं. त्यातली ४५ कामावर, ५ काम शोधतायत, उरलेली ५० म्हणजे कॉलेजची पोरं, म्हातारी माणसं, घर सांभाळणाऱ्या बायका. लेबर फोर्स झाला ५०, बेकार ५, दर १० टक्के. आता त्या पाचांतले दोघे दोन वर्षं अर्ज भरून भरून कंटाळले आणि शोधणंच सोडलं, आई म्हणते राहूदे बाबा घरी. लेबर फोर्स झाला ४८, बेकार ३, दर सव्वासहा टक्के! एकालाही नोकरी लागली नाही आणि बेकारी जवळजवळ चार टक्क्यांनी उतरली, उद्या पेपरात हेडलाईन. आता उलटं बघा. जवळ मोठं हॉटेल आलं, आशा वाटली म्हणून वाड्यातल्या सहा बायका पहिल्यांदाच अर्ज करायला लागल्या, दोघींना लागली. कामावर ४७, शोधणारे मूळचे पाच अधिक या चार म्हणजे ९, लेबर फोर्स ५६, दर १६ टक्के. दोन जणींना पगार चालू झाला आणि बेकारी मात्र १० वरून १६ वर गेली.

म्हणून जे लोक हे आकडे रोज बघतात ते बेकारी दर एकटा कधीच बघत नाहीत. बाजूला आणखी दोन आकडे असतात. शंभरातले किती जण लेबर फोर्समध्ये आहेत तो एलएफपीआर, आणि शंभरातले किती जण प्रत्यक्ष कामावर आहेत तो डब्ल्यूपीआर. वरच्या वाड्यात पहिल्या वेळी डब्ल्यूपीआर ४५ होता, दोघांनी नाद सोडल्यावर पण ४५च राहिला, हॉटेल आल्यावर ४७ झाला. खरी गोष्ट याच आकड्याने सांगितली. मला विचाराल तर हेडलाईन त्याचीच व्हायला पाहिजे, पण 'बेकारी' या शब्दाला जो मसाला आहे तो डब्ल्यूपीआरला कुठून येणार.

आता कालावधीचं गणित, कारण गोव्यात तेच जास्त लागतं. काम आहे की नाही हे कधीचं विचारायचं? आजचं, या आठवड्याचं की वर्षाचं? पीएलएफएस आठवड्याचं आणि वर्षाचं दोन्ही विचारतं. एक आहे युजुअल स्टेटस, म्हणजे मागच्या ३६५ दिवसांत तुमचा जास्त वेळ कशात गेला ते. त्यात जास्त वेळ बेकार असलात पण मध्येच तीसेक दिवस जरी काम केलेलं असलं तरी तुम्ही कामवाल्यांत. दुसरं करंट वीकली स्टेटस, मागचे सात दिवस. त्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास जरी काम केलं तरी तुम्ही एम्प्लॉइड. हो, एक तास. हे कोणी दिल्लीत बसून काढलेलं नाही, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची व्याख्याच तशी आहे आणि अमेरिका-युरोपातपण साधारण हाच नियम. तिकडे ज्याचं काम गेलं त्याला बेकारभत्ता मिळतो म्हणून तो खराखुरा शून्य तास काम करून नोकरी शोधू शकतो, आपल्याकडे शून्य तास परवडतात कोणाला?

मोरजीच्या किनाऱ्यावरच्या शॅकवरचा एक वेटर घ्या, डिचोलीचा पोरगा समजा. सीझन ऑक्टोबर ते मे, शॅक पावसात मोडून ठेवतात. सर्वेवाला जुलैत आला. युजुअल स्टेटसमध्ये पोरगा आठ महिने कामावर होता, म्हणजे एम्प्लॉइड, कोड ३१ किंवा ५१. वीकली स्टेटसमध्ये बघायला गेलं तर तो आठवडाभर घरी आहे आणि पणजीत कुठे काही मिळतं का विचारतोय, म्हणजे ८१, बेकार. पण त्याच आठवड्यात बापाच्या शेतात लावणीला दोन दिवस उतरला असेल तर? तर कोड २१, परत एम्प्लॉइड, पगार शून्य. एकच पोरगा, एकच जुलै. ट्रॉलरवरच्या खलाशांचं पण तेच, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ते दोन महिने वीकलीत दिसतील, वर्षाच्या हिशोबात गडप.

देशपातळीवर पण हा फरक दिसतो. २०२३-२४ मध्येच युजुअलने बेकारी ३.२ टक्के आणि वीकलीने ४.९. दोन्ही सरकारीच आकडे, दोन्ही बरोबर, फक्त ज्याला जो सोयीचा तो टीव्हीवर तो घेऊन येतो. याच्यापेक्षा भारी उदाहरण लॉकडाऊनचं. जुलै २०१९ ते जून २०२० या वर्षाचा युजुअल दर आदल्या वर्षीच्या ५.८ वरून चक्क ४.८ वर उतरला. शेवटच्या तीन महिन्यांतला बराच काळ देश कुलूपबंद आणि बेकारी कमी! त्याच एप्रिल-जून २०२० मध्ये शहरांतला वीकली दर २० टक्क्यांच्या वर होता. यात चलाखी काही नाही. वर्षातला जास्त वेळ कामात गेलेला माणूस वर्षाच्या हिशोबात कामवालाच, आणि जे गावी परतले ते घरच्या शेतावर हात लावायला लागले की २१ मध्ये जाऊन बसले.

हा २१ कोड जरा लक्षात ठेवा. देशात बायकांचा एलएफपीआर २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७. सहा वर्षांत एवढी उडी म्हणजे सरकार खूश होणारच, आणि काही भाग खराच चांगला असेल, पण या वाढीतला मोठा वाटा गावातल्या स्वयंरोजगाराचा, त्यात घरच्या शेतीत-दुकानात बिनपगारी राबणाऱ्या पण आल्या. एकूण कामवाल्यांत स्वयंरोजगारवाले ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेले आणि पगारी नोकरीवाले २२.८ वरून २१.७ वर आले. त्याच काळात बेकारी ६.१ वरून ३.२ झाली. म्हणजे बेकारी घटली हे खरं, पण नोकऱ्या वाढल्या म्हणून घटली असं यातून निघत नाही. सत्तरीत काजूच्या दिवसांत भल्या पहाटे भाटात जाऊन बोंडू गोळा करणारी, दुपारी भट्टीवर नवऱ्याला मदत करणारी बाई आधी पण तेवढंच राबत होती, आधी कदाचित ९२ मध्ये धरली जायची आता २१ मध्ये धरतात, हे मोजणं सुधारलं असं म्हणता येईल, तिच्या हातात पैसा आला असं मात्र नाही.

आता परत गोव्याकडे. आपला दर एवढा वर का, यावर माझं मत सरळ आहे. बेकार राहायला पण ऐपत लागते. ज्याच्या घरी उद्याच्या जेवणाची खात्री नाही तो ८१ मध्ये राहूच शकत नाही, तो मिळेल ते करतो, शेंगदाणे विकतो, हमाली करतो, आणि सर्वेत कामवाला म्हणून नोंदला जातो. देशात निरक्षर लोकांमधली बेकारी अर्ध्या टक्क्याच्याही खाली असते आणि दहावी आणि त्यापुढे शिकलेल्यांत ती ६-७ टक्के निघते, ती याच्यामुळेच. गोव्यात घर स्वतःचं असतं, बापाची पेन्शन किंवा भावाचा बोटीवरचा पगार असतो, वर दोन खोल्या टुरिस्टांना भाड्याने दिलेल्या असतात. पोरगा बीकॉम झालेला. त्याला वेर्ण्याच्या फॅक्टरीत कॉन्ट्रॅक्टवर शिफ्ट ड्युटी मिळते पण तो थांबतो, कारण गवर्मेंटात लागला तर आयुष्य सेट. रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड काढलेलं असतं, पंधरा वर्षांचा रेसिडेन्स दाखला फाईलमध्ये तयार, जाहिरात निघायची वाट. त्याला आळशी म्हणणं सोपं आहे, मी म्हणणार नाही, कारण त्याचा हिशोब चुकीचा नाही. खाजगीत बारा तास उभं राहून जे मिळतं त्यात आणि एलडीसीच्या, म्हणजे सरकारी क्लार्कच्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक, त्यात रजा, पेन्शन, लग्नाच्या बाजारात भाव. २०२४ मध्ये सरकारी नोकरीसाठी लाखो रुपये मोजल्याची प्रकरणं बाहेर आली तेव्हा सगळे हळहळले, पण लोक एवढे पैसे मोजायला तयार का होतात हे मात्र कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

तर कळंगुटचा रेस्टॉरंटवाला खोटं बोलत नाही आणि रिपोर्टपण. त्याच्याकडे काम आहे, तो जो पगार आणि जे तास देतो त्यावर इथला पोरगा येत नाही, येतो तो ज्याला थांबणं परवडत नाही. बायकांचं तर आणखी वेगळं. गोव्यात बायकांमधली बेकारी पुरुषांपेक्षा बरीच जास्त निघते, शिकलेल्या आहेत, काम करायचंय, पण रात्री अकराला शिफ्ट सुटली की घरी जायला बस कुठे असते आपल्याकडे. काणकोणहून वेर्ण्याला जाऊन येऊन करून बघा एकदा.

आणखी एक गोष्ट आहे जी या वादात कोणी काढत नाही. सर्वेत घरातला माणूस कोणाला म्हणायचं? जो सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ घराबाहेर आहे तो त्या घरात मोजत नाहीत. आता जहाजावर नोकरी करणारा आपला तारवटी आठ-नऊ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर बोटीवर जातो. गल्फमधला दोन वर्षांनी येतो. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेला तर गेलाच. हे सगळे कामाला असलेले गोंयकार, चांगले कमावणारे, पण गोव्याच्या हिशोबात नाहीत. आणि तारवटी कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी आला, पुढच्या जॉइनिंगची वाट बघत चार-पाच महिने बसला की तेव्हा बरोब्बर हिशोबात येतो. म्हणजे भागाकारात खालची संख्या लहान होते आणि वीकलीच्या हिशोबात वरच्यात थोडी भर पडते. याने दर किती वाढतो ते मला काढता येणार नाही पण वाढतो हे नक्की, सासष्टीसारख्या तालुक्यात तर घराघरात एक असा निघतो.

खाण बंदीचं पण बघू कारण प्रत्येक चर्चेत येतं. २०१७-१८ मध्ये गोव्याचा दर १३.९ टक्के आला होता आणि अजूनही लोक म्हणतात मायनिंग बंद झालं त्याचा हा परिणाम. सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केली फेब्रुवारी २०१८ मध्ये आणि काम थांबलं मार्चच्या मध्यापासून. त्या सर्वेचं वर्ष होतं जुलै २०१७ ते जून २०१८. ज्याचा ट्रक मार्चच्या मध्यापर्यंत धावला तो युजुअल स्टेटसमध्ये त्या वर्षी कामवालाच निघणार, कारण वर्षातला जास्त वेळ काम होतं. तेव्हा त्या १३.९ चा सगळा दोष २०१८ च्या बंदीवर टाकता येत नाही. २०१२ च्या पहिल्या बंदीपासून सांगे, केपें, डिचोली, सत्तरीत जे लोक कामाबाहेर गेले आणि परत पूर्ण सावरलेच नाहीत त्यांचा हात त्यात असू शकतो, ते वेगळं. बंदीचा त्रास खोटा होता असं मी म्हणत नाही हां, ट्रकांचे हप्ते थकलेले आपण सगळ्यांनी बघितलेत. फक्त तारखा जुळवून बघायची सवय पाहिजे.

त्या १३.९ च्या पुढच्या वर्षी ८.७, मग ८.१, १०.५, १२, ९.७ आणि ८.५. हे वर-खाली बघून सरकार बदललं धोरण बदललं असं काय काय लोक काढतात. पण हा सँपल सर्वे आहे आणि गोवा एवढंसं राज्य, इथे निवडलेली घरं मोठ्या राज्यांच्या मानाने थोडीच असतात. समजा सर्वेत लेबर फोर्सची हजार माणसं आली आणि त्यातली ८५ बेकार निघाली. नुसत्या योगायोगाने हा दर पावणेदोन टक्के इकडे किंवा तिकडे जाऊ शकतो, म्हणजे खरा दर ७ पण असेल किंवा १० पण असेल, आणि घरं गटागटाने निवडतात म्हणून प्रत्यक्षात फरक त्याहून जास्तच धरायचा. त्यामुळे ९.७ चं ८.५ झालं यावर पेढे वाटायचे नाहीत आणि ८.१ चं १०.५ झालं म्हणून राजीनामे मागायचे नाहीत. १३.९ वरून ८.७ ही उडी मोठी आहे, तिथे काहीतरी घडलं असं म्हणता येतं. आणि सात वर्षं सलग देशाच्या दीडपट किंवा त्याहूनही वर राहणं, हा तर योगायोग नाहीच.

आकडा आवडला नाही की काय होतं ते देशाने २०१९ मध्ये बघितलंच. पहिला पीएलएफएस रिपोर्ट तयार असून बाहेर येईना म्हणून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी जानेवारीत राजीनामे दिले, आकडा पेपरात फुटला, ४५ वर्षांतली सगळ्यात जास्त बेकारी म्हणून गाजला आणि अधिकृत रिपोर्ट निवडणूक झाल्यावर ३१ मे ला आला. ६.१ टक्के. त्याआधीचा २०११-१२ चा सर्वे २.२ दाखवत होता, पण नव्या सर्वेत घरं निवडायची पद्धत वेगळी आहे, शिक्षण किती त्यावरून गट पाडतात, त्यामुळे दोघांची सरळ तुलना करायची की नाही यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. अमेरिकेत २०२५ च्या ऑगस्टमध्ये नोकऱ्यांचे आकडे कमी आले आणि आधीच्या दोन महिन्यांचे पण खाली सुधारले म्हणून ट्रम्पनी कामगार आकडेवारी खात्याच्या प्रमुखालाच काढलं, तेव्हा हा आजार आपल्या एकट्याचा नाही.

बाकीचे आकडे पटकन सांगतो. ईपीएफओ, म्हणजे पीएफची खाती सांभाळणारं सरकारी खातं, दर महिन्याला नवीन खात्यांचा आकडा देतं आणि तो नवीन नोकऱ्या म्हणून छापला जातो. पण पीएफ लागतो तो वीस किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला. एकोणीस जण होते, विसावा घेतला, आता वीसही जणांची खाती नवीन, नोकरी मात्र एकच नवीन. रोजगार विनिमय केंद्राच्या यादीवरून बेकारी मोजणं तर सोडूनच द्या, खाजगीत व्यवस्थित कामाला असलेले लोक सरकारी जाहिरातीसाठी कार्ड जिवंत ठेवतात, आणि ज्याला खरंच काम नाही पण सरकारी नोकरीची आशाच नाही तो नाव घालत नाही. सीएमआयई ही खाजगी संस्था वेगळा सर्वे करते, प्रश्न वेगळे, मुदत वेगळी, म्हणून तिचा आकडा सरकारी आकड्याच्या बाजूला ठेवून भांडण्यात अर्थ नाही, तिचा तिच्याशीच ताडून बघावा.

२०२५ पासून पीएलएफएस बदललाय. आता सँपल बरंच मोठं केलंय, वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरतात आणि देशाचा आकडा दर महिन्याला येतो, साधारण १५ तारखेच्या आसपास. पहिला आला मे २०२५ मध्ये, एप्रिलचा दर ५.१ टक्के. लगेच काही जण ओरडले की ३.२ वरून ५.१! अहो तो ३.२ युजुअलचा, हा ५.१ वीकलीचा. पुढच्या महिन्यात ५.६ झाला तेव्हा परत तेच, पण रब्बीची कापणी संपली की शेतातली कामं कमी होतात हे शेतकऱ्याला विचारलं तरी सांगेल. महिन्याचे आकडे बघायचे तर एप्रिल आदल्या एप्रिलशी लावून बघायचा, मेशी नाही. आणि हा महिन्याचा आकडा अख्ख्या देशाचा असतो, गोव्याचं त्यात काही कळत नाही, आपल्यासाठी वर्षाचा रिपोर्टच उघडायचा, राज्यवार तक्त्यांत जायचं आणि बेकारीच्या रकान्याआधी डब्ल्यूपीआरचा रकाना शोधायचा, पुरुष वेगळे बायका वेगळ्या.